पत, पारख आणि यंत्र : व्यापारी व व्याजमुक्त बँकव्यवहारातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : अहमदनगर जिल्हा)

प्रस्तावना

सोनईपासून जवळच असलेल्या शनिशिंगणापूर येथे जानेवारी २०११ मध्ये युको बँकेची शाखा सुरू झाली. घरांना दारे व कुलपे न लावण्याची या गावाची परंपरा सर्वश्रुत आहे. तिचा मान राखून बँकेने काचेचा पारदर्शक दरवाजा बसविला आणि सहजी दृष्टीस न पडणारे, दुरून नियंत्रित होणारे विद्युतचुंबकीय कुलूप वापरले, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. गावाचा विश्वास आणि बँकेची सुरक्षितता यांची सांगड एका न दिसणाऱ्या यंत्राने घातली.

बँकव्यवहारात आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश होत असताना हाच प्रश्न अधिक व्यापक स्वरूपात उभा राहिला आहे. कर्ज कोणाला द्यावे व कोणाला नाकारावे, कोणता व्यवहार संशयास्पद मानावा, वसुलीचा तगादा केव्हा लावावा, याबाबतची शिफारस आता यंत्र करू लागले आहे. बँकेची कामगिरी सर्वसाधारणपणे नफा, थकीत कर्जांचे प्रमाण आणि प्रशासकीय खर्च या तीन निकषांवर मोजली जाते. या तिन्हींच्या मुळाशी कर्जदाराची पत ओळखण्याची, म्हणजेच पारखण्याची क्रिया असते. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिणामाचा विचार करताना पतपारखीचा इतिहास तपासणे आवश्यक ठरते. या इतिहासात अहमदनगर जिल्ह्याला (२०२४ पासून अहिल्यानगर) विशेष स्थान आहे. सावकारी कर्जाविरुद्धचा १८७५ चा उठाव आणि सहकारी पतव्यवस्थेची उभारणी या दोन्ही घटनांची भूमी हाच जिल्हा होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पतपारखीच्या साधनांत १८७५ पासून आजपर्यंत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२) व्यापारी बँका आणि व्याजमुक्त अथवा इस्लामी बँका यांच्या कामगिरीवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिणाम वेगवेगळा का होतो, हे स्पष्ट करणे.
३) ग्रामीण कर्जदाराच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ शोधणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय समित्यांचे अहवाल आणि रिझर्व्ह बँकेचे निर्देश या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. बँकांच्या कामगिरीचे सांख्यिकीय मापन हा या लेखाचा हेतू नाही. ती कामगिरी ज्या पारखीवर उभी असते, तिचे स्वरूप समजून घेणे हा आहे.

सावकाराची वही आणि १८७५ चा उठाव

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) दख्खनमधील कापसाला मोठी मागणी आली आणि शेतकऱ्यांना सहजी कर्ज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जाच्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालयांची वाट धरली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. त्याचे लोण नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदा, नगर व कर्जत या तालुक्यांत पोहोचले.

या उठावाचे एक वैशिष्ट्य इतिहासकारांनी वारंवार नोंदविले आहे. जमावाचा रोख प्रामुख्याने कर्जरोखे, खते आणि हुकूमनामे यांच्यावर होता. जेथे सावकाराने कागद स्वाधीन केले, तेथे त्याला सहसा इजा झाली नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने अन्यायाचे मूळ कागदात होते. निरक्षर कर्जदार खतावर निशाणी करी, परंतु खतात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. व्याज मुद्दलात मिळवून नवे खत केले जाई. भरलेल्या रकमेची पावती मिळेलच याची शाश्वती नसे. न्यायालय मात्र लिहिलेले खत प्रमाण मानीत असे. वस्तुतः व्याजाला मर्यादा घालणारा दामदुप्पटीचा नियम हिंदू विधीत परंपरेने होताच. त्यानुसार एका वेळी थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे. तथापि जुने खत रद्द करून नवे केले की जुने व्याज मुद्दल होऊन बसे आणि नियम नावापुरता उरे.

सावकार कर्जदाराला पुरता ओळखत होता, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. कोणाची जमीन किती, कोणाच्या घरी लग्न, कोणाचा बैल मेला, हे सर्व त्याला ठाऊक असे. अपुऱ्या माहितीने हा उठाव झाला नाही. सावकाराकडे कर्जदाराची माहिती होती, पण कर्जदाराला त्याच माहितीपर्यंत पोहोचता येत नव्हते. प्रस्तुत लेखाच्या विवेचनाचा हा मुख्य आधार आहे.

१८७९ चा कायदा : वही उघडण्याचा हक्क

दख्खन दंगल आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. त्यातील तीन तरतुदी या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, न्यायालयाने केवळ खतावर न विसंबता मूळ व्यवहारापासून हिशेबाची चौकशी करावी. दुसरी, शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावेत. तिसरी, कर्जदाराला भरलेल्या रकमेची पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा अधिकार असावा. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे अनुक्रमे निर्णयाची फेरतपासणी, करारापूर्वीचा खुलासा आणि स्वतःविषयीची माहिती मिळविण्याचा हक्क होत.

या कायद्याने सावकारी संपली नाही. अनेक सावकारांनी कर्ज देणेच कमी केले अथवा खरेदीखताच्या मार्गाने जमीन आपल्या नावावर करून घेतली. हक्क दिला, पण पर्यायी पतपुरवठा उभा केला नाही, ही त्याची मर्यादा होती. ही उणीव ओळखून विल्यम वेडरबर्न व न्या. महादेव गोविंद रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना पुढे आणली. परंतु लंडनमधील भारतमंत्र्यांनी तिला मान्यता दिली नाही.

सहकार : शेजाऱ्याची पारख

पर्यायी पतपुरवठ्याचा मार्ग १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने खुला केला. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते १८९७ या काळातील अहवालांत जर्मनीतील रायफायझन पतसंस्थांचा आदर्श मांडला होता. गावातील सभासद एकमेकांना ओळखतात आणि अमर्यादित जबाबदारीमुळे एकाच्या थकबाकीची झळ सर्वांना बसते. त्यामुळे ते एकमेकांची पत काळजीपूर्वक पारखतात, हे त्यामागील तत्त्व होते. सावकाराच्या ठायी एकवटलेली माहिती आता सभासदांच्या सभेत आली.

प्रत्यक्ष प्रगती मंद होती. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीनुसार १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, तर व्यापारी बँकांचा केवळ ०.९ टक्के होता. या पाहणीच्या समितीत डॉ. धनंजयराव गाडगीळ हे सदस्य होते. त्याच गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी परिसरात उभा राहिलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. सोनई येथील मुळा सहकारी साखर कारखाना हा त्याच परंपरेतील होय.

साखर कारखान्याने पतपारखीचे नवे साधन निर्माण केले, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. उसाची नोंद, लागवडीची तारीख, गाळपास आलेले टन आणि सभासदाचे बिल यांची सलग माहिती कारखान्याकडे जमा होऊ लागली. सोसायटीच्या पीककर्जाची कपात उसाच्या बिलातून होऊ लागल्याने वसुलीची खात्री वाढली. मात्र त्याबरोबर एक विषमताही आली. कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या बागायतदाराची नोंद दाट, तर बाजरी-ज्वारी घेणाऱ्या जिरायतदाराची नोंद विरळ राहिली. वाटेकरी, शेतमजूर आणि जिच्या नावावर सातबारा नाही अशी कष्टकरी स्त्री यांची तर नोंदच झाली नाही. पत नसणे आणि पतीची नोंद नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कागदावर मात्र त्या एकसारख्याच दिसतात.

खतावणी यंत्रापासून कोअर बँकिंगपर्यंत

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. गाडगीळ अभ्यासगटाच्या शिफारशींतून अग्रणी बँक योजना आली आणि नगर जिल्ह्याची जबाबदारी सेंट्रल बँक ऑफ इंडियाकडे सोपविण्यात आली. शाखा वाढल्या तसे वह्यांचे ओझेही वाढले. परंतु यंत्रांमुळे नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांचा विरोध तीव्र होता. स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे होते. तिचा अहवाल १९७२ मध्ये सादर झाला. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन व संघटना यांच्यात करार झाला आणि १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीने अहवाल दिला. त्या समितीच्या नावात ‘संगणकीकरण’ हा शब्द नव्हता, ‘यांत्रिकीकरण’ हा शब्द होता. शाखांत आलेल्या यंत्रांनाही प्रगत खतावणी यंत्र असे संबोधण्यात आले.

पुढील टप्पे वेगाने आले. २००० मध्ये पतविषयक माहिती एकत्रित करणारी सिबिल ही संस्था स्थापन झाली आणि २००५ मध्ये त्यासंबंधीचा कायदा झाला. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी आणि २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. आज ग्रामीण भागात ‘सिबिल’ हा शब्दच पतीचा पर्याय बनला आहे. पत आकड्यात आली, पण तो आकडा कसा निघाला हे विचारावयाचे कोणाला, याचे उत्तर सामान्य खातेदारास सापडत नाही.

नोंदींच्या जुळवणीवर हक्क अवलंबून ठेवल्यास काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने कर्जमाफीच्या वेळी घेतला आहे. २०१७ च्या योजनेत शेतकऱ्यांचे ऑनलाईन अर्ज आणि बँकांकडील माहिती यांचा मेळ बसविताना मोठा विलंब झाला. दुसऱ्या बाजूस, यंत्रातील नोंद निर्दोष दिसली म्हणजे व्यवहार निर्दोष असतो, असेही नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. त्या प्रकरणी बुडीत कर्जे दडविण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखविल्याचे पोलिसांत दाखल तक्रारीत नमूद होते. या बँकेचे हिशेब संगणकावरच होते.

व्याजमुक्त बँकव्यवहाराची वाटचाल

आधुनिक इस्लामी बँकव्यवहाराचा आरंभ सामान्यतः इजिप्तमधील मित गम्र येथील १९६३ च्या प्रयोगापासून मानला जातो. त्याचे प्रवर्तक अहमद अल-नज्जार यांनी जर्मनीतील बचत बँकांचा आदर्श समोर ठेवला होता. आपल्या गावसोसायटीचे आणि मित गम्रच्या बचत बँकेचे वैचारिक मूळ अशा रीतीने जर्मन परंपरेतच सापडते. १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक व इस्लामी विकास बँक यांनी कामकाज सुरू केले. रिबा म्हणजे व्याज निषिद्ध असल्याने या बँका नफ्या-तोट्यात भागीदारी (मुदारबा, मुशारका), वस्तू खरेदी करून ठरीव नफ्याने विक्री (मुराबहा) आणि केवळ मुद्दल परत घेण्याच्या बोलीवर दिलेले कर्ज (कर्ज-ए-हसना) हे मार्ग अवलंबितात.

भारतात अशी पूर्ण बँक नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातील कलम ८ बँकेस मालाच्या खरेदी-विक्रीची मनाई करते. आनंद सिन्हा अभ्यासगटाने २००६ मध्ये प्रचलित कायद्याच्या चौकटीत इस्लामी बँकव्यवहार शक्य नसल्याचे मत दिले. डॉ. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये वित्तीय समावेशनासाठी व्याजमुक्त बँकसेवेची शिफारस केली. दीपक मोहंती समितीने २०१५ मध्ये पारंपरिक बँकांतच व्याजमुक्त खिडकी सुचविली. अखेरीस २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतला. तरीही सहकाराच्या मार्गाने महाराष्ट्रात प्रयोग झाले. मुंबईत १९७६ मध्ये बैतुन्नसर ही व्याजमुक्त पतसंस्था स्थापन झाली. २०१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने व्याजमुक्त कर्जाचा उपक्रम सुरू केला.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि दोन प्रकारच्या संस्थांची कामगिरी

भारतीय व्यापारी बँकांत या तंत्राचा दृश्य प्रवेश २०१७ च्या सुमारास ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या संवादी सेवांनी झाला. स्टेट बँकेची ‘सिया’ आणि एचडीएफसी बँकेची ‘इव्हा’ ही त्याची उदाहरणे होत. रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने गुन्ह्यातील पैसा फिरविण्यासाठी वापरली जाणारी खाती हुडकण्यासाठी ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली तयार केली. मुंबईच्या आयआयटीतील डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी सात सूत्रे व २६ शिफारशी मांडल्या. समितीसाठी झालेल्या पाहणीतील ६१२ संस्थांपैकी सुमारे २१ टक्के संस्थाच या तंत्राचा वापर अथवा विकास करीत होत्या. नागरी सहकारी बँकांत तर हे प्रमाण अत्यल्प होते.

या तंत्राचा परिणाम दोन प्रकारच्या संस्थांवर एकसारखा होणार नाही. व्यापारी बँकेकडे व्याजदर हे साधन असते. जोखीम जास्त वाटल्यास ती अधिक दर आकारते. पारखीतील चूक अशा प्रकारे दरात सामावली जाते आणि तिचा भार प्रामाणिक कर्जदारांवर विभागला जातो. येथे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे अर्जांचा निपटारा जलद होतो, फसवणूक लवकर ध्यानात येते व खर्च घटतो. नफ्यावर होणारा परिणाम मुख्यतः संख्येच्या बळावर असतो. लाखो खाती असलेल्या बँकेला यंत्रणेचा खर्च परवडतो, एका तालुक्यापुरत्या बँकेला तो जड जातो.

भागीदारीवर चालणाऱ्या बँकेची स्थिती वेगळी आहे. उद्योजकाने नफा कमी दाखविला तर बँकेचा व ठेवीदाराचा वाटा थेट घटतो. त्यामुळे पैसे दिल्यानंतरही व्यवसायावर सतत लक्ष ठेवावे लागते. ही देखरेख खर्चिक असल्याने व्यवहारात बहुतेक इस्लामी बँका मुराबहाकडे झुकल्या आहेत आणि त्या प्रमाणात त्यांच्यातील व व्यापारी बँकांतील अंतर कमी झाले आहे. विक्रीच्या दैनंदिन नोंदी यंत्राने तपासणे शक्य झाल्यास देखरेखीचा खर्च घटेल आणि मागे पडलेली भागीदारीची पद्धत पुन्हा व्यवहार्य ठरू शकेल. तीच गोष्ट आपल्याकडील व्याजमुक्त पतसंस्थांची. प्रत्यक्ष खर्चापुरतेच सेवाशुल्क घेण्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या संस्थेत तपासणीचा खर्च घटला की त्याचा लाभ सरळ सभासदाला मिळतो.

मात्र लाभ जितका अधिक, तितकाच धोकाही. व्याजाचे कवच नसल्याने यंत्राची चूक थेट भांडवलावर येते. शिवाय व्याजमुक्त व्यवहाराचा पाया नैतिक स्वरूपाचा आहे. अडचणीतील कर्जदारास सवलत द्यावी, हे त्याचे तत्त्व होय. परतफेडीस झालेला विलंब दुष्काळामुळे की बेपर्वाईमुळे, हे यंत्राला तारखांच्या नोंदीवरून कळत नाही. गावच्या सोसायटीच्या पंचांना ते कळत असे.

नगर जिल्ह्याच्या दृष्टीने विचार

जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अशा योजनेतून सोसायट्यांच्या वह्या यंत्रात जातात आणि पुढे त्याच नोंदींवर पतपारखीची प्रणाली उभी राहू शकते. वर उल्लेखिलेली बागायत-जिरायत विषमता तशीच यंत्रात उतरली, तर जिरायतदाराच्या विरळ नोंदीचा अर्थ यंत्र ‘जोखीम’ असा लावील. जुन्या व्यवस्थेत एखादा पंच “माणूस सचोटीचा आहे” असे सभेत सांगू शके. अर्थात त्याच सभेत भाऊबंदकी, गट आणि जात यांनाही वाव होता, हे विसरता कामा नये. यंत्राने मनमानी कमी होण्याची शक्यता म्हणूनच खरी आहे. प्रश्न निर्णयाविरुद्ध दाद मागण्याच्या सोयीचा आहे.

या संदर्भात १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला रिझर्व्ह बँकेचा निर्देश उल्लेखनीय आहे. त्यानुसार किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या मुदत कर्जांच्या मुख्य अटींचे विवरणपत्र कर्जदारास समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. १८७९ च्या कायद्यातील खुलाशाच्या तत्त्वाशी याचे नाते स्पष्ट दिसते. मात्र हे विवरण मंजूर झालेल्या कर्जापुरते आहे. ज्याचा अर्ज यंत्राच्या शिफारशीवरून नाकारला गेला, त्याला नकाराचे कारण त्याच्या भाषेत समजावे, ही गरज यातून भागत नाही.

निष्कर्ष

१) १८७५ च्या उठावामागे माहितीचा अभाव नव्हता, माहितीवरील एकतर्फी ताबा होता. पतपारखीचे साधन बदलले तरी हा प्रश्न कायम राहतो.
२) कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मोठ्या व्यापारी बँकांचा खर्च घटून कामगिरी सुधारण्याची शक्यता अधिक आहे. लहान सहकारी बँकांना सामायिक यंत्रणेशिवाय हा लाभ मिळणे कठीण आहे.
३) व्याजमुक्त संस्थांना देखरेखीच्या खर्चातील बचतीचा लाभ तुलनेने अधिक होऊ शकतो, परंतु पारखीतील चुकीचा फटकाही त्यांना अधिक थेट बसतो.
४) नोंद नसणे म्हणजे पत नसणे, असा अर्थ यंत्राने लावू नये यासाठी जिरायतदार, वाटेकरी व स्त्रिया यांच्या अर्जांबाबत मानवी फेरतपासणीची सोय असावी.
५) कर्ज नाकारल्याचे कारण मराठीत व लेखी मिळण्याचा हक्क कर्जदारास असावा.

समारोप

बँकेची चिरस्थायी कामगिरी केवळ ताळेबंदातील आकड्यांनी सिद्ध होत नाही. सावकाराचा व्यवहारही काही काळ फायद्यात होता. ज्या व्यवस्थेत कर्जदाराला आपली वही वाचता येत नव्हती, तिच्या वह्या अखेरीस जाळल्या गेल्या. यंत्रातील वही जाळता येत नाही. म्हणून ती वाचून दाखविण्याची जबाबदारी बँकांची, आणि ती वाचावयास शिकविण्याची जबाबदारी काही अंशी ग्रामीण महाविद्यालयांची आहे. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी अशाच खातेदारांच्या घरांतून येतात. वाणिज्य, इतिहास व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील सोसायट्यांच्या जुन्या वह्यांचा आणि नव्या नोंदींचा अभ्यास हाती घेतल्यास या जबाबदारीस योग्य प्रारंभ होईल.